पाहुण्या बॅट्समनचे पंचवीस हजार

परवा रात्री साडेनऊच्या सुमारास गल्लीतली चार पोरं घरी आली. हातात पावतीपुस्तक होतं, म्हणजे विषय कळलाच. टेनिस बॉलच्या स्पर्धेची वर्गणी. पण पावती फाडायच्या आधी एक जण म्हणाला, "भाऊ, यंदा बी त्यालेच आनू म्हनतो. तुमी काय म्हनता?"

'तो' कोण, हे इथं लिहीत नाही. त्याचा काही दोष नाही. शेजारच्या जिल्ह्यातला बॅट्समन आहे, गावोगावच्या स्पर्धा खेळतो आणि त्यावरच त्याचं घर चालतं. गेल्या वर्षी आपल्या पोरांनी त्याला पंधरा हजार, गाडीचं डिझेल आणि दोन दिवसांचा मुक्काम देऊन आणलं होतं. सेमीफायनलला त्यानं जे धुतलं, ते पाहायला लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर उभे होते. चषक आला, मिरवणूक निघाली. यंदा त्याचा आकडा पंचवीस हजार आहे, कारण दुसऱ्या एका संघानंही त्याला फोन केलाय. आणि यंदा सोयाबीनचं काय झालं, ते सगळ्यांना माहीत आहे. वर्गणी कुठून निघणार हा प्रश्नच आहे.

तिघं एका बाजूला होते. चौथा, जो गेल्या वर्षी आठव्या नंबरवर पॅड नसतानाही पॅड बांधल्यासारखा बसून राहिला आणि ज्याची बॅटिंग एकदाही आली नाही, तो हळूच म्हणाला, "मंग आपून काय फक्त बॉल आनाले जायाचं का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. म्हटलं, लिहितो. तर हे ते लिहिणं. लांबलंय, वेळ असेल तेव्हा वाचा.

हाच प्रश्न सध्या अख्ख्या विदर्भाच्या क्रिकेटला पडलाय. करुण नायर आपला संघ सोडून कर्नाटकात परत गेला. तिकडं गेल्या गेल्या त्यानं गोव्याविरुद्ध नाबाद १७४ आणि केरळविरुद्ध २३३ ठोकले. आमच्या पत्रकारांच्या ग्रुपवर त्या दिवशी एकच सूर होता: बघा, असा माणूस हातचा घालवला. पैसे वाढवून थांबवायला नको होता का?

मला वाटतं, नको होता. का, ते सांगायला जरा मागं जावं लागेल. नागपूरला, आणि तिथून इंदूरला.

सी. के. नायडू नागपूरचे. जन्म १८९५. आज आपण 'व्यावसायिक खेळाडू' म्हणतो तो प्रकार तेव्हा दरबारी नोकरीच्या रूपानं चालायचा. १९२३ मध्ये इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी नायडूंना बोलावून घेतलं आणि फौजेत कॅप्टन केलं. पुढं ते कर्नल झाले. १९२६ साली मुंबईत एमसीसीविरुद्ध त्यांनी ११ षटकारांसह १५३ धावा केल्या आणि १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे कप्तान झाले. म्हणजे या भागातून चांगला खेळाडू पैसेवाल्यानं उचलून नेण्याची गोष्ट शंभर वर्षं जुनी आहे.

होळकरांचा संघ १९४१-४२ ते १९५४-५५ अशी चौदा वर्षं रणजी खेळला. त्यात दहा वेळा फायनलला गेला आणि चार वेळा जिंकला. मुश्ताक अली, सरवटे, कर्नल नायडू असा एकेक मोहरा. १९४४-४५ च्या फायनलला तर त्यांच्याकडून चक्क इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन खेळला. महायुद्धाच्या काळात तो महूच्या छावणीत होता. मुंबईविरुद्ध त्यानं नाबाद २४९ केल्या, तरी होळकर ३७४ धावांनी हरले. शंभराच्या पुढच्या प्रत्येक धावेमागे पैसे देतो म्हणून एका धनिकानं त्याला शब्द दिला आणि मॅच संपल्यावर तो धनिक गायब झाला, असा किस्सा क्रिकेटवाले सांगतात. आपल्याकडच्या स्पर्धांचे काही प्रायोजक आठवले असतील तर तो योगायोग समजावा.

पण मुद्दा पुढचा आहे. संस्थान गेलं, होळकर संघही गेला, त्याची जागा पुढं मध्य प्रदेशनं घेतली. आणि १९५२-५३ नंतर इंदूरच्या त्या भूमीला पुढची रणजी कधी मिळाली? २०२१-२२ मध्ये. जवळपास सत्तर वर्षांनी. खजिना होता तोवर माणसं होती. दुसरीकडं मुंबईकडं ना संस्थान ना खजिना. पण दादरच्या, माटुंग्याच्या मैदानांवर दर रविवारी पोरं खेळत राहिली आणि मुंबईच्या रणजींचा आकडा आज ४२ आहे.

आता विदर्भ. विदर्भाचा संघ रणजीत पहिल्यांदा उतरला १९५७-५८ मध्ये. गंमत अशी की त्याच्या आदल्याच मोसमात कर्नल नायडू एकसष्टाव्या वर्षी रणजी खेळत होते, तेही उत्तर प्रदेशकडून! नागपूरचा माणूस शेवटी पाहुणा म्हणूनच खेळला.

त्यानंतर पहिल्या विजेतेपदापर्यंत बरोबर साठ वर्षं गेली. पत्रकारितेचा डिप्लोमा करून मी बातम्या लिहायला लागलो तेव्हा रणजीत विदर्भ हरला ही बातमीच नव्हती. स्कोअर शेवटच्या पानावर, तोही जागा उरली तर. त्यात बुलडाणा म्हणजे विदर्भाचं पश्चिम टोक. आता समृद्धी आहे, पण तेव्हा निवड चाचणीला जायचं तर मलकापूर, नांदुरा नाहीतर शेगावहून रात्रीची गाडी धरायची, पहाटे नागपूरला उतरायचं, स्टेशनवर तोंड धुवायचं आणि मैदानावर जाऊन दोन ओव्हर टाकायच्या. परत येताना तोच डबा. अशी गेलेली आणि परत आलेली तीन-चार पोरं मला माहीत आहेत. आज ती चाळिशीत आहेत, कुणाचं कृषी केंद्र आहे, कुणी जिनिंगमध्ये मुनीम आहे.

बीसीसीआयच्या नियमानं एका राज्याला बाहेरचे जास्तीत जास्त तीन व्यावसायिक खेळाडू घेता येतात. खेळाडू मूळ संघटनेची एनओसी आणतो, नवी संघटना मॅच फीशिवाय त्याला मोसमाचं मानधन देते. विदर्भानं २०१४-१५ मध्ये तमिळनाडूचा बद्रीनाथ आणला, कर्नाटकचा गणेश सतीश आणला. आणि २०१५-१६ मध्ये आला वसीम जाफर.

जाफरची गोष्ट नीट ऐका, कारण सगळा हिशेब तिथं आहे. मुंबईचा माजी कप्तान, रणजीत त्याच्या इतक्या धावा कुणाच्या नाहीत. पण दुसऱ्या मोसमात, २०१६-१७ मध्ये, दुखापत झाली आणि तो एकही सामना खेळला नाही. वय एकोणचाळीस. आता सांगा, अशा माणसाला पुन्हा घ्यायचं का? तुमच्या-माझ्या हातात पावतीपुस्तक असतं तर आपण काय म्हटलं असतं? नावापायी पैसे कायले घालता, हेच. २०१७-१८ चा मोसम जाफर विदर्भाकडून मानधन न घेता खेळला. त्याच मोसमात विदर्भानं पहिली रणजी जिंकली.

पण ती एकट्या जाफरनं जिंकली नाही, हे महत्त्वाचं. कप्तान नागपूरचा फैज फजल, त्याच्या ९१२ धावा. सेमीफायनलला कर्नाटकाविरुद्ध पाच धावांनी विजय, त्यात रजनीश गुरबानीच्या बारा विकेट. फायनलला दिल्लीविरुद्ध त्याच गुरबानीची हॅटट्रिक, अक्षय वाडकरचं शतक. जाफरनं पहिल्या डावात ७८ केल्या आणि शेवटी विजयी चौकार मारला. कोच चंद्रकांत पंडित, तेही बाहेरचेच. आणि मैदान कुठलं? इंदूरचं होळकर स्टेडियम! नायडूंना ज्या गावानं नेलं, त्याच गावात नायडूंच्या विदर्भानं पहिला करंडक उचलला. नंतर २०२२ मध्ये मध्य प्रदेशला रणजी मिळाली, तेव्हा तिथले कोचही हेच पंडित होते.

मग जाफर थांबला, आणि २०१८-१९ मध्ये चाळिशीत त्यानं १०३७ धावा केल्या. विदर्भ सलग दुसऱ्यांदा विजेता. (आमच्या चाळिशीत आम्ही तहसीलचा जिना चढताना कठड्याला धरतो.) ड्रेसिंग रूममध्ये रोज असा माणूस शेजारी बसलेला असणं, त्याचं नेटमधलं तासन् तास उभं राहणं पाहणं, त्याची किंमत कुठल्या पावतीत लिहिणार?

करुण नायरचंही तसंच. कसोटीत त्रिशतक केलेला माणूस, पण त्याच्या स्वतःच्या राज्यानं त्याला बाहेर ठेवलं होतं. २०२३-२४ मध्ये विदर्भानं त्याला जागा दिली. गरज दोघांनाही होती. २०२४-२५ मध्ये त्यानं विजय हजारेत पाच शतकांसह ७७९ धावा केल्या. फायनल मात्र कर्नाटकानंच आपल्याकडून ३६ धावांनी हिसकावली. रणजीत ८६३ धावा. जामठ्याच्या फायनलला केरळविरुद्ध विदर्भ ३ बाद २४. तिथून करुण आणि एकवीस वर्षांचा दानिश मालेवार यांनी २१५ धावा जोडल्या. करुण ८६ वर धावबाद झाला, दानिशनं १५३ केल्या. दुसऱ्या डावात करुणचं शतक. पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर तिसरी रणजी आपली.

लोकांना त्या फायनलमधलं करुणचं शतक आठवतं. मला ती २१५ ची भागीदारी आठवते. पाहुण्याला दिलेले पैसे मला तिथं वसूल झालेले दिसतात, त्याच्या खात्यात नव्हे, पलीकडच्या क्रीजवर उभ्या पोराच्या खात्यात. त्याच मोसमात यश राठोडनं ९६० धावा केल्या, करुणपेक्षा जास्त. हर्ष दुबेनं ६९ विकेट घेतल्या, रणजीच्या एका मोसमातला विक्रम. म्हणूनच करुण वैयक्तिक कारणानं घरी जातो म्हणाला तेव्हा विदर्भानं त्याला सन्मानानं जाऊ दिलं, हे बरोबर झालं. ऑक्टोबरमध्ये नागपूरला करुणशिवायच आपण इराणी करंडक जिंकला, आणि शतक कुणाचं? अकोल्याच्या अथर्व तायडेचं. आपल्यापासून दीड-दोन तासांवरचं पोरगं.

याची दुसरी बाजू कडू आहे, तीही सांगतो. २०१८-१९ च्या फायनलला सौराष्ट्राच्या अकरा विकेट काढणारा आदित्य सरवटे २०२५ च्या फायनलला केरळकडून आपल्याच विरुद्ध खेळला आणि ७९ धावा करून गेला. अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याला गेला. म्हणजे आपण पाहुणे आणतो तसे आपलेही पाहुणे म्हणून जातात. त्यात चूक काही नाही, ज्याला जिथं खेळायला मिळेल तिथं तो जाणार. फक्त घरचं पोरगं बाकावर बसून कंटाळून गेलं की संधी शोधत गेलं, हे संघटनेनं स्वतःला विचारायला हवं.

कुणी म्हणेल, आयपीएल बघा. बघू. २०२४ चा करंडक जिंकून देणारा कप्तान श्रेयस अय्यर कोलकात्यानं कायम ठेवला नाही. पंजाबनं २६ कोटी ७५ लाख मोजले आणि फायनल गाठली. कोलकात्यानं वेंकटेश अय्यरवर २३ कोटी ७५ लाख लावले आणि ते आठवे आले. चेन्नईनं धोनीला चार कोटीत ठेवलं आणि ते तळाला गेले, तरी त्यांचं मैदान पिवळंच होतं. तिथं लोकप्रियतेचे पैसे तिकिटात, जर्सीत, जाहिरातीत परत येतात. जामठ्याच्या रणजी मॅचला स्टँड रिकामे असतात. तो हिशेब आपल्याला लागू नाही.

पोरांना हे बोललो तर त्यांच्याकडंही उत्तर आहे आणि ते खोटं नाही. "भाऊ, तो येनार म्हटलं की वर्गनी निघते. तो नाही तं कोन देते आपल्याले पैसे?" गेल्या वर्षी खरंच त्याच्या नावावर तीन दुकानदारांनी जास्तीचे दिले. गर्दी झाली म्हणून वडापाववाल्याचं दोन दिवसांत चांगलं झालं. ही बाजू मी नाकारत नाही.

पण मग त्याला दोन दिवसांसाठी कशाला आणता? पंचवीस हजार द्यायचे तर त्याला स्पर्धेच्या आधी चार रविवार सकाळी मैदानावर बोलवा. पोरांना बॅट धरून दाखव म्हणा, त्याचं ते पाय काढून लाँग ऑनला मारणं कसं होतं ते शिकव म्हणा. तो कबूल झाला तर घ्या, माझी पावती त्यात पकडा. तो म्हणाला की मी फक्त मॅचला येईन, तर हात जोडा, नारळ द्या, आणि त्या पैशांतून मॅटिंग बदला. दोन वर्षं झाली, गुडलेंथवर हातभर फाटली आहे, बॉल पडला की कुठं जाईल ते बॉलरलाही ठाऊक नसतं.

आणि कुणालाही आणा, आठव्या नंबरवाल्याला यंदा तिसऱ्या नंबरला पाठवा. पाहुणा चौथ्याला येऊ द्या. दोघं एकत्र क्रीजवर असतील, एवढंच बघा.

रविवारी संध्याकाळी पोरांची बैठक आहे. मलाही बोलावलंय. पाचशेची पावती मी फाडली आहे, नावापुढची जागा त्यांनी अजून कोरी ठेवली आहे.