कर्ज, गुपित आणि सरकारी विश्वास

आजचा प्रश्न: सरकारची गुपितं कुणाच्या हाती द्यायची?

अमेरिकेत अशा कामासाठी ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’ लागतो. १९५३ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १०४५० क्रमांकाचा आदेश काढला. राजकीय निष्ठेसोबत खासगी वागणंही तपासलं जाऊ लागलं: खोटेपणा, दारूचं व्यसन आणि समलैंगिकतासुद्धा. तर्क असा, की ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही आहे, त्याला शत्रू ब्लॅकमेल करणार.

आता गंमत बघा. लपवायला भाग कोण पाडत होतं? कळलं की नोकरी जायची, म्हणून लोक लपवायचे! फ्रँक कामेनी हे हार्वर्डचे पीएचडी, खगोलशास्त्रज्ञ. १९५७ च्या अखेरीस लष्कराच्या नकाशा विभागानं त्यांना काढून टाकलं. त्यांच्यासारखे हजारो जण घरी बसले.

आणि गुपितं विकली कुणी? एनएसएमध्ये काम केलेल्या रोनाल्ड पेल्टननं. १९७९ साली त्याचं दिवाळं निघालं, नोकरी सोडली आणि १९८० च्या जानेवारीत तो थेट सोव्हिएत वकिलातीत गेला. पुढे १९८५ मध्ये सीआयएचा ऑल्ड्रिच एम्स. घटस्फोट, डोक्यावर कर्ज. पहिल्याच सौद्यात ५०,००० डॉलर! नंतर त्यानं ५,४०,००० डॉलरचं घर रोखीनं घेतलं, जॅग्वार गाडी घेतली. पगार वर्षाला ७०,००० च्याही आत. तरी अटक व्हायला १९९४ उजाडलं. तोवर त्यानं नावं फोडलेल्या अनेकांना मॉस्कोनं गोळ्या घातल्या होत्या.

१९९५ साली क्लिंटन यांच्या १२९६८ क्रमांकाच्या आदेशानं दोन्ही बाजू बदलल्या. संवेदनशील पदांवरच्या लोकांनी आर्थिक माहिती द्यायची, आणि केवळ लैंगिक कल पाहून कुणाला नाकारायचं नाही.

आज १३ निकष आहेत. त्यात ‘वैयक्तिक वर्तन’ आणि ‘आर्थिक स्थिती’ हे दोन वेगळे. पण कर्ज आहे म्हणून लगेच दार बंद होत नाही. आजारपण, घटस्फोट, गेलेली नोकरी यामुळे कर्ज झालं असेल आणि माणूस ते प्रामाणिकपणे फेडत असेल, तर ते त्याच्या बाजूनं धरतात. फॉर्मवर मुद्दाम दडवलं, तर मात्र पैशांचा प्रश्न वर्तनाचा होतो. तिथे नागरिक झालेल्या आपल्या मराठी इंजिनिअरलाही हाच फॉर्म भरावा लागतो.

म्हणजे कामेनींच्या काळात खरं सांगितलं की नोकरी जायची. आज खोटं सांगितलं की जाते. एवढं समजायला चाळीसेक वर्षं लागली आणि त्याची किंमत भलत्यांनीच मोजली.