वऱ्हाडातील पालक आणि मुलांचा पडदा : निर्णयाधिकाराचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना
लहान मुलाने दूरदर्शन संच अथवा मोबाइल किती वेळ पाहावा, हा आज प्रत्येक घराचा खाजगी प्रश्न मानला जातो. इतिहासाच्या दृष्टीने पाहता तो नेहमीच तसा नव्हता. शासन, शेजार, वीजपुरवठा, शाळा आणि ग्रामसभा या सर्वांनी वेळोवेळी पालकांच्या वतीने हा निर्णय घेतलेला आहे. अमरावती व अकोला या जिल्ह्यांचा आणि एकंदर वऱ्हाडाचा संदर्भ समोर ठेवून हा निर्णयाधिकार कसा सरकत गेला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

चित्रपटगृह ते सामाईक संच
चित्रपटगृहाच्या काळात मुलाची वयोमर्यादा शासन ठरवीत असे. १९५२ च्या चलचित्र कायद्यानुसार 'प्रौढांसाठी' प्रमाणपत्र मिळालेल्या चित्रपटास अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश नव्हता. पुढे १९८३ मध्ये पालकांच्या मार्गदर्शनाची अट असलेला स्वतंत्र वर्ग निर्माण झाला आणि २०२३ च्या दुरुस्तीने त्याचे सात, तेरा व सोळा वर्षे असे उपविभाग केले. पालकाचा निर्णय मुख्यतः तिकिटापुरता होता. चित्रपट पाहणे हा प्रसंग होता, रोजची सवय नव्हती. ज्या अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने व्यायामाची परंपरा रुजविली, तेथे मुलांच्या सायंकाळवर मैदानाचाही हक्क होता.

दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. मात्र देशाच्या अंतर्भागात संच मोठ्या प्रमाणावर पोहोचले ते १९८२ मधील राष्ट्रीय कार्यक्रम व १९८४ मधील लघुशक्ती प्रक्षेपकांच्या विस्तारानंतर. प्रारंभी संच मोजक्याच घरी असे. १९८७-८८ मध्ये 'रामायण' मालिकेच्या वेळी रविवारी सकाळी शेजाऱ्यांच्या ओसरीत मुले व वडीलधारी एकत्र बसत. वाहिनी एकच, कार्यक्रमांची वेळ ठरलेली आणि प्रेक्षक सामूहिक असल्याने मर्यादा घालण्याचे काम बहुतांशी व्यवस्थाच करीत होती. पुण्यात १९८४ मध्ये स्थापन झालेल्या 'बालचित्रवाणी'मुळे मुलांचा पडदा शिक्षणाशीही जोडला गेला. ही संस्था २०१७ मध्ये बंद झाली.

वाहिन्या आणि भारनियमन
१९९० नंतर केबल आले, १९९२ मध्ये झी टीव्ही सुरू झाली आणि १९९५ मध्ये कार्टून वाहिनी भारतात दाखल झाली. मुलांसाठीचा कार्यक्रम आता दिवसभर उपलब्ध झाला. वेळापत्रकाची मर्यादा संपताच पालकाला प्रथमच स्वतः 'पुरे' म्हणावे लागले. असे असले तरी वऱ्हाडात या काळात एक वेगळा नियंत्रक होता. २००५ नंतरच्या तीव्र भारनियमनात ग्रामीण भागात दिवसातील अनेक तास वीज नसे. त्या तासांत पालक व मूल यांच्यात वादाचा प्रसंगच उद्भवत नसे. गैरसोयीतून लाभलेली ही मर्यादा वीजपुरवठा सुधारताच नाहीशी झाली.

वैयक्तिक पडदा आणि महासाथ
२०१६ नंतर स्वस्त इंटरनेटमुळे पडदा भिंतीवरून हातात आला. संच सर्वांसमोर असतो. मोबाइल कोपऱ्यात, पांघरुणात, जेवताना कोठेही असतो. परिणामी देखरेख अवघड झाली. याच सुमारास तज्ज्ञांचे निकष स्पष्ट झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक वर्षाच्या आतील मुलांना पडदा पूर्ण वर्ज्य मानला आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी एक तासाची कमाल मर्यादा सुचविली.

तथापि वर्षभरातच परिस्थिती उलटली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. जुलै २०२० मधील केंद्राच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचनांनी पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रे ठरविली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागू झाली. कालपर्यंत मोबाइल काढून घेणारा पालक आता तो मुलाच्या हाती देऊ लागला. एकच मोबाइल असलेल्या घरात वडील कामावर गेले की वर्गही बुडे. 'मोबाइल वाईट' हा पालकाचा युक्तिवाद शाळेनेच निष्प्रभ केला, आणि शाळा उघडल्यावर तो पूर्वीच्या जोमाने मांडणे पालकांना कठीण गेले.

ग्रामसभेकडे परत
या पार्श्वभूमीवर नोव्हेंबर २०२२ मधील एक निर्णय महत्त्वाचा ठरतो. अमरावती विभागातीलच यवतमाळ जिल्ह्यातील बांशी (ता. पुसद) येथील ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदी घातली. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास दूरचित्रवाणी व मोबाइल बंद ठेवण्याची प्रथा सुरू झाली. दोन्ही निर्णयांतील भेद विचार करण्याजोगा आहे. बांशीचा नियम मुलांवर बंधन घालतो, तर वडगावचा भोंगा संपूर्ण घराला लागू होतो; तेथे पालकालाही आपली मालिका सोडावी लागते. शिवाय 'शेजारच्या मुलाला मिळतो, मग मला का नाही?' या प्रश्नाला एकटा पालक उत्तर देऊ शकत नाही. गाव देऊ शकते.

निष्कर्ष
वरील आढाव्यावरून असे दिसते की, मागील पिढीतील पालक अधिक कठोर होते हा समज अपुरा आहे. त्यांच्या निर्णयाला एकच वाहिनी, सामाईक ओसरी व खंडित वीज यांचा आधार होता. तो आधार गेला आणि संपूर्ण भार एकट्या पालकावर, बहुधा आईवर, येऊन पडला. शेतमजुरी करून सायंकाळी चूल पेटविणाऱ्या आईसाठी मोबाइल हा मूल सांभाळणाराही असतो. तिला केवळ एका तासाचा निकष सांगणे म्हणजे पर्याय न देता दोष देणे होय. अंगणवाडी, मैदान व ग्रामसभा यांनी हा भार वाटून घेतला, तरच मर्यादेचा निर्णय टिकाऊ ठरेल.