नायलॉनचा धागा आणि त्यामागची माणसे

धाग्याशी आमचा संबंध आला तो कामगारांच्या बाजूने. रसायनशास्त्र आम्ही शाळेत शिकलो नाही; जे कळले ते वाचून आणि जाणत्यांना विचारून. तेव्हा प्रयोगशाळेची हकीकत सांगताना आमचे लक्ष अधूनमधून गिरणीच्या दाराकडे वळले, तर तो सवयीचा दोष समजावा.

1920 साली हेर्मान श्टाउडिंगर या जर्मन शास्त्रज्ञाने असे मत मांडले, की रबरासारखे पदार्थ म्हणजे लहान रेणू एकमेकांना जोडून झालेल्या लांबच लांब साखळ्या होत. पुष्कळ विद्वानांना हे पटेना. वॉलेस कॅरदर्स हा अमेरिकन तरुण 1928 मध्ये हार्वर्ड विद्यापीठ सोडून विल्मिंग्टन येथे ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत आला. वादात न शिरता आपणच कडीला कडी जोडून साखळी का करू नये, असा त्याचा विचार होता. ज्या रेणूंना दोन्ही टोकांस जणू हात आहेत, असे दोन प्रकारचे रेणू घ्यावयाचे, की ते एकमेकांचे हात धरीत जातात. परंतु प्रत्येक जोडामागे पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, आणि ते पाणी तिथेच राहिले तर साखळी वाढत नाही. म्हणून निर्वात भांड्यात ते पाणी काढून घेण्याची युक्ती योजली गेली.

एप्रिल 1930 मध्ये ज्यूलियन हिल या सहकाऱ्याने वितळलेल्या गोळ्यात कांडी बुडवून वर उचलली, तो मागे तार आली. ती थंड झाल्यावर पुन्हा ओढली तर कित्येक पट लांबली आणि तुटण्याऐवजी अधिकच बळकट व चकचकीत झाली. गुंत्यात पडलेल्या साखळ्या ओढीने एका दिशेस शेजारी शेजारी बसतात, हे त्याचे कारण. कॅरदर्स बाहेर गेला असता ही मंडळी तार धरून इमारतीच्या व्हरांड्यातून धावली, असे सांगतात. या पोरकटपणाचे आम्हाला कौतुक वाटते.

मात्र तो धागा पॉलिएस्टरच्या जातीचा होता आणि थोड्याशा उष्णतेने वितळे. धोब्याच्या भट्टीत जो टिकत नाही तो कपडा काय कामाचा? काम अडून राहिले. 1934 मध्ये एल्मर बोल्टन या वरिष्ठाने पुन्हा टोचणी लावली. आता नायट्रोजनयुक्त अमाइन वापरून पॉलिअमाइड करावयाचे ठरले. त्यात शेजारच्या साखळ्याही एकमेकींना हायड्रोजनच्या बंधाने धरून ठेवतात. 28 फेब्रुवारी 1935 रोजी जेरार्ड बर्शे याने कॅरदर्सच्या मार्गदर्शनाखाली 6-6 हा पदार्थ तयार केला. दोन्ही घटकांत प्रत्येकी सहा कार्बन, म्हणून हे नाव. तो वितळावयास सुमारे 265 अंश सेल्सिअस लागतात. बर्शेचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून ते येथे मुद्दाम घेतले.

कॅरदर्सचा ओढा 5-10 या दुसऱ्या पदार्थाकडे होता. त्याचा एक घटक एरंडेलापासून मिळे. बोल्टनने कच्च्या मालाचा हिशेब केला. 6-6 चे दोन्ही घटक बेंझीनपासून निघत आणि बेंझीन मुबलक होते. (हे एरंडाचे गुऱ्हाळ नव्हे बरे, पुढे फ्रान्समध्ये एरंडेलापासूनच नायलॉन-11 निघाले, आणि जगातला बहुतेक एरंड आज भारतात पिकतो.) मापाची अडचण वेगळीच होती. एक घटक किंचित जास्त झाला, तर साखळ्यांची टोके जोडीदाराविना राहून वाढ खुंटते. मग याच दोषाचा उपयोग करून साखळीची लांबी हवी तेवढी ठेवण्यात येऊ लागली.

कॅरदर्सला मात्र विषण्णतेचा जुना विकार होता. 1936 मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्याची निवड केली. जानेवारी 1937 मध्ये बहीण वारली, आणि 29 एप्रिल 1937 रोजी त्याने फिलाडेल्फियातील एका हॉटेलात सायनाइड घेतले. वय 41. ‘नायलॉन’ हा शब्द त्याच्या कानी कधी पडलाच नाही. 27 ऑक्टोबर 1938 रोजी न्यूयॉर्कला स्त्रियांच्या सभेत नव्या धाग्याची घोषणा झाली, 1939 च्या अखेरीस सीफर्डचा कारखाना सुरू झाला आणि 15 मे 1940 रोजी देशभर मोजे विक्रीस आले.

आता गिरणीचे दार. रेशमी मोज्यांचे रेशीम बहुतांशी जपानचे. ते नागानो प्रांतातील ओकाया येथे खेड्यांतून आलेल्या मुली उकळत्या पाण्यातील कोशांवरून उकलीत. 1927 साली तेथल्या एका मोठ्या गिरणीत शेकडो मुलींनी संप केला आणि तो मोडला. 1929 च्या मंदीत रेशमाचे भाव कोसळले, 1941 मध्ये अमेरिकेशी व्यापार तुटला. म्हणून सारा दोष नायलॉनच्या माथी मारणे खरे नव्हे. परंतु युद्ध संपल्यावर रेशमाला मोज्यांची जुनी गिऱ्हाइकी परत मिळाली नाही, ती नायलॉनमुळेच. युद्धकाळात तर पॅराशूट, दोर, टायरमधली दोरी यांकडेच सारे नायलॉन गेले. जून 1946 मध्ये पिट्सबर्ग येथे 13,000 जोड मोज्यांसाठी सुमारे 40,000 माणसांची रांग लागली.

आणि सीफर्ड? नायलॉनचे पहिले गाव म्हणून मिरवलेल्या त्या गावचा कारखाना ड्यू पाँने 2004 साली आपल्या नायलॉन-धाग्याच्या व्यवसायासकट दुसऱ्या मालकास विकला.