यंत्र, शाई आणि गिऱ्हाईक

मुद्रणकलेचा इतिहास लिहितांना आपले लेखक बहुधा पहिलें पुस्तक कोणतें व पहिला छापखाना कोणाचा, याच वादांत रमतात. छापखानदारानें अमुकच यंत्र कां पत्करलें, हें विचारण्याच्या भरीस क्वचितच कोणी पडतो. वस्तुतः धंदा तरतो किंवा बुडतो तो पुष्कळदां त्या निवडीवरच.

गोंदिया जिल्ह्यांतील सालेकसा हें तालुक्याचें गांव. धानाचीं शेतें आणि जंगल यांच्या सांध्यावर वसलेलें. याच तालुक्यांत कचारगडच्या गुहांपाशीं माघी पौर्णिमेस गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. अशा गांवीं आज कोणा तरुणानें फलक छापण्याचा धंदा काढावयाचें मनांत आणलें, तर शाईचे थेंब फवारून दहा दहा फूट रुंदीचें चित्र छापणारीं अनेक जातींचीं यंत्रें त्याच्यापुढें येतात. कर्ज काढून घ्यावें तें कोणतें? प्रश्न नवा दिसतो खरा. पण मराठी मुलखांत तो फार पूर्वींपासून विचारला गेला आहे.

मुंबईस गणपत कृष्णाजींनीं १८३१ सालीं पंचांग छापलें तें शिळाप्रेसवर. त्यांत सोय अशी कीं, लेखकाचें वळणदार अक्षर जसेंच्या तसें कागदावर उतरे, आणि देवनागरी जोडाक्षरांचे शेंकडों खिळे ओतवून घेण्याचा खर्च वांचे. अडचण यंत्राची नव्हती, शाईची होती. शाईंत चरबी असते म्हणून सोंवळीं माणसें छापील पोथीस शिवत नसत. त्यावर तोड म्हणून तुपाच्या शाईनें पोथ्या छापल्याची हकीकत प्रसिद्धच आहे. तिला हंसूं नये. आपलें गिऱ्हाईक कोणत्या वस्तूस हात लावील, हें ओळखणें हा व्यापाराचा पहिला पाठ होय.

रंगीत चित्रांचा प्रश्न याहून बिकट. राजा रविवर्म्यांनीं १८९४ सालीं मुंबईंत छापखाना काढला, तो जर्मन यंत्रें व जर्मन कारागीर आणून. शिळाछापाच्या त्या पद्धतींत प्रत्येक रंगछटेस वेगळा दगड लागे. उत्तम दगड यावयाचे ते बव्हेरियांतील झोल्नहोफेनच्या खाणींतून. एकच कागद पुनःपुन्हां यंत्राखालून काढावा लागे, आणि हवेंतील ओलाव्यानें तो केसभर जरी ताणला, तरी लक्ष्मीच्या ओठांचा रंग गालावर जाऊन बसे! चित्रें घरोघर पोंचलीं. पण भांडवल दगडांत आणि यंत्रांत अडकलें. प्लेगाच्या दिवसांनंतर छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीस गेला आणि पुढें कर्जापायीं तेथील जर्मन तंत्रज्ञ श्लायशर यांस विकावा लागला. लोकप्रियता आणि किफायत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हें इतकें स्पष्ट दाखविणारें दुसरें उदाहरण आपल्याकडे सांपडणें कठीण.

यानंतर दादासाहेब फाळके. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढणारे म्हणून जग त्यांस ओळखतें. परंतु १९०९ सालीं ते जर्मनीस गेले होते ते रंगीत छपाईची विद्या आणि यंत्रें आणावयास. मूळ चित्राचे रंगीत कांचांतून निरनिराळे फोटो घेऊन, पिवळा, तांबडा व निळा या तीनच रंगांच्या ठशांनीं सारा रंगसंभार उभा करावयाचा, ही ती विद्या. डझनावारी दगडांचें काम मोजक्या ठशांवर आलें. पुढें भागीदारांशीं बिनसलें व फाळके बाहेर पडले. छापखान्याची हानि झाली आणि चित्रपटाचा लाभ.

सालेकशाच्या तरुणासमोरचें यंत्र याच त्रिरंगी विद्येचें नातवंड आहे. तीन रंगांस काळ्याची जोड मिळाली, ठसे मात्र अजीबात गेले. छापणाऱ्या शीर्षांतील स्फटिकास विजेचा झटका दिला कीं तो किंचित् फुगतो व सूक्ष्म छिद्रांतून थेंब ढकलतो. थेंब किती लहान? एका लिटराचे लक्ष कोटी भाग केले, तर त्यांतले थोडेसेच! म्हणूनच शाई वाळून छिद्र बुजलें कीं फलकावर पांढरी रेघ उमटते.

आणि येथें गणपत कृष्णाजींचा शाईचा प्रश्न पुन्हां उभा राहतो. पाण्याची शाई कागदावर सुरेख दिसते, पण पावसांत टिकत नाहीं. उग्र द्रावणाची शाई उन्हापावसांत टिकते व स्वस्त पडते. मात्र तिची वाफ रोज कामगाराच्या छातींत जाते. सौम्य द्रावणाची शाई थोडी महाग, पण बंद खोलींत सोसवते. राळेचे कण पाण्यांत मिसळून उष्णतेनें बसविलेली लॅटेक्स शाई वीज फार खाते. अतिनील दिव्यानें तत्क्षणीं वाळणारी शाई लांकडावर, कांचेवरहि बसते, परंतु तिचें यंत्र लहान धंद्याच्या आवांक्याबाहेरचें.

माझें मत विचाराल तर, सालेकशांत दहा फुटी यंत्राचा मोह टाळावा. पांच-सहा फूट रुंदीचें, सौम्य द्रावणाचें यंत्र घ्यावें, आणि किंमत पाहण्याआधीं दुरुस्तीचा माणूस कोठून व किती दिवसांनीं येईल, हें विक्रेत्याकडून लिहून घ्यावें. दहा फुटी फलकाचें काम यात्रेच्या किंवा निवडणुकीच्या दिवसांतच यावयाचें. तेवढ्यासाठीं दोन पट्टे छापून जोडतां येतात. पण भर पावसाळ्यांत, सारा गांव रोवणीस गेलेला असतां, गिऱ्हाईक फिरकत नाहीं. तेव्हांहि रोज एखादी पट्टी छापून छिद्रें वाहतीं ठेवावींच लागतात, आणि त्या शाईचे पैसे कोणी देत नसतें.