२४ तासांच्या दह्याचे बर्लिनी आजोबा

रात्री विरजण लावायचं, सकाळी दही वाढायचं, हा मराठी घरांचा हिशेब. या हिशेबात न बसणारं एक दही गेली काही दशकं उत्तर अमेरिकेतल्या आतड्याच्या रुग्णांच्या घरी लागतं आहे. 'स्पेसिफिक कार्बोहायड्रेट डाएट'चं पथ्य पाळणारे लोक दूध साधारण ८२ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, निववतात आणि विरजून ३८ ते ४३ अंशांच्या उबेत सलग २४ तास ठेवतात. ऊब टिकवायला कुणी ओव्हनमध्ये नुसता ६० वॉटचा दिवा लावून ठेवतं. मग बरणी न ढवळता फ्रिजमध्ये.

हे पथ्य लोकप्रिय केलं इलेन गॉटशाल यांनी. त्यांच्या लहान मुलीला आतड्याचा दाहक विकार होता. न्यूयॉर्कच्या नव्वदीतल्या डॉ. सिडनी हास यांच्या आहाराने ती बरी झाली, असं त्यांचं सांगणं. गॉटशाल यांचं पुस्तक १९८७ साली आलं.

पण या दह्याचं मूळ कुठलं? बहुतेक लोक मेचनिकॉफकडे बोट दाखवतात. दह्यातले जंतू आयुष्य वाढवतात, हा पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या या शास्त्रज्ञाचा सिद्धांत. तिथूनच जंतू आणून १९१९ साली आयझॅक कारासोने बार्सिलोनात 'डॅनोन' सुरू केलं. सुरुवातीला ते दही औषधांच्या दुकानांतून विकलं जाई.

वंशावळ देखणी आहे, पण २४ तासांचं कोडं तिला सुटत नाही. जिवंत जंतूच हवे असतील तर चार-सहा तासांत लागलेलं दही पुरेसं आहे. पुढचे तास दही आंबट करण्यात जातात. गॉटशाल यांना ते हवे होते दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, संपवण्यासाठी. दुधात ती सुमारे ५ टक्के असते.

साखरेचा हा माग हास यांच्या १९२४ च्या लेखाकडे नेतो. सीलिअॅक रोग झालेल्या मुलांना त्यांनी केळी खाऊ घातली, म्हणून तो लेख गाजला. मात्र त्या आहारात केळ्यांसोबत 'अल्ब्युमिन मिल्क' नावाचा पदार्थही होता. तो बर्लिनचा. अनाथ बालकांवर उपचार करणारे हाइनरिश फिंकेलश्टाइन आणि त्यांचे सहकारी लुडविग मायर यांनी १९१० साली 'आइवाइसमिल्श' या नावाने तो पुढे आणला. तान्ह्यांच्या जुलाबाचं मूळ त्यांना आतड्यात आंबणाऱ्या साखरेत दिसलं. म्हणून दूध रेनेटने साकळवायचं, कापडात टांगून निवळी गाळायची, उरलेला गोळा श्रीखंडाच्या चक्क्यासारखा चाळणीतून घासून काढायचा आणि पाणी व ताक घालून पातळ करायचा. निवळीबरोबर साखर जाई. उरे साधारण दीड टक्का.

बर्लिनने साखर गाळून टाकली, गॉटशाल यांनी ती जंतूंना खाऊ घातली. शत्रू एकच, युक्ती वेगळी. हास हा मधला दुवा समोर असताना हे साम्य योगायोगाचं मानायला मन धजत नाही.

इथे मराठी वाचक हात वर करणार. चरकाने ग्रहणीत ताक सांगितलं आहे, अर्धवट लागलेल्या 'मंदक' दह्याला दोषकारक म्हटलं आहे. मग आजोबा बर्लिनचे कशाला? कारण वंशावळीला नुसतं साम्य पुरत नाही, हातातून हातात गेलेली वस्तू लागते. ती हास यांच्या आहारपत्रकात सापडते.

मेचनिकॉफपक्षाकडे एक भक्कम पुरावा मात्र आहे. गॉटशाल विरजणातल्या जंतूंबद्दल फार काटेकोर होत्या: अॅसिडोफिलस चालेल, बिफिडस नको. साखर हाच एकमेव वैरी असता तर ही निवड कशाला? पॅरिसचं रक्त या दह्यात आहे, हे मानावंच लागतं. शिवाय आम्लता वाढली की जंतूच मंदावतात, त्यामुळे २४ तासांनी लॅक्टोज 'शून्य' होतं हा दावाही जपूनच घ्यावा.

तरीही फ्रिजमधली बरणी बर्लिनच्या बाजूने साक्ष देते. दही साठवलं की दिवसागणिक जिवंत जंतू घटतात. औषध तेच असेल तर बरणी रोज कमअस्सल होत जाते. पण एकदा संपलेलं लॅक्टोज फ्रिजमध्ये परत तयार होत नाही. पथ्यवाले तीच बरणी पुढे कित्येक दिवस निर्धास्तपणे खातात.