पन्नास माळांचा हिशेब

ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीत मुलांना गणित शिकविणाऱ्याने उदाहरणांसाठी परदेशी ग्रंथ धुंडाळण्याचे प्रयोजन नाही. जमिनीकडून आणि पाण्याकडून नित्य किती घ्यावे, हे अंकांत मांडण्याची या नगराची रीत अकराशे वर्षांहून जुनी आहे.

किल्ल्याच्या चढणीवर, अखंड खडकातून कोरलेल्या चतुर्भुज मंदिरात इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे. त्यातील २७० आणि ५० या संख्यांमधील शून्यांमुळे तो जगभरच्या गणितज्ञांना परिचित झाला. परंतु त्या संख्या कशाच्या, हे विचारणारे विरळाच. लेखात पुष्पवाटिकेसाठी २७० हात लांब व १८७ हात रुंद जमिनीचे दान आहे आणि रोज ५० माळांची कायमची नेमणूकही आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवले, की विद्यार्थ्यापुढे अस्सल प्रश्न उभा राहतो: क्षेत्र ५०,४९० चौरस हात, म्हणजे एवढ्याच वाटिकेवर भिस्त ठेवली तर एका माळेच्या वाट्याला सुमारे १,०१० चौरस हात जमीन येते; तेवढ्या तुकड्यात श्रावणात फुलणारी फुले वैशाखातही पुरतील काय, आणि न पुरल्यास ती ‘कायमची’ नेमणूक निभावणार कशी?

पुढे माधवराव शिंद्यांच्या अमदानीत, १९१६ च्या सुमारास, सांक नदीवर तिघऱ्याचे धरण उभे राहिले. अभियंते विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली पुण्याजवळ खडकवासल्यास प्रथम बसविलेल्या स्वयंचलित दरवाजांची योजना येथेही आली. तथापि ऑगस्ट १९१७ मध्ये धरण फुटले व खालच्या मुलखात मोठी प्राणहानी झाली. पायाच्या वालुकाश्मात पाणी झिरपले, हे त्याचे एक प्रमुख कारण मानतात. भिंतीचे वजन पाण्याच्या आडव्या रेट्यास पुरून उरते, एवढेच समीकरण मांडले तर बांध निर्धोक दिसतो. पायाखाली शिरलेले पाणी त्याला वर उचलते, हे एक पद त्यात घातले, की तोच बांध डळमळीत ठरतो.

म्हणून आपण काय गृहीत धरले आणि काय वगळले, याची यादी विद्यार्थ्याने उत्तराआधी लिहावी, आणि शिक्षकाने गुण देताना तीच प्रथम तपासावी. पुन्हा बांधलेल्या त्याच तिघऱ्याचे पाणी आज शहर पिते. तेव्हा पावसाची आवक, बाष्पीभवन, गाळ आणि वाढती वस्ती यांपैकी कोणते कलम ताळेबंदातून गळाले, हे वहीत सापडलेले बरे, कारण उन्हाळ्यात नळाला ते सापडले तर दुरुस्तीला अवधी उरत नाही.