पुण्याच्या नावाचा ब्रश

हाताने केलेल्या जुन्या व्हॅलेंटाइन कार्डांचे संग्राहक त्यांची जातवारी लावतात. ओळींच्या पहिल्या अक्षरांतून प्रियेचं नाव निघणारं ते अक्रॉस्टिक, कात्रीने जाळी काढलेलं ते कटआउट, सुईने टोचून नक्षी उठवलेलं पिनप्रिक, शब्दांच्या जागी चित्रं घालून कोडं टाकणारं रीबस. या यादीत मध्येच एक नाव येतं : ‘थिओरम किंवा पूना’. हे पूना म्हणजे आपलं पुणंच. इंग्रजी शब्दकोशांतही ‘पूना पेंटिंग’, ‘पूना ब्रश’, ‘पूना पेपर’ असे शब्द सापडतात आणि त्यांच्या व्युत्पत्तीपुढे मुंबई इलाख्यातलं आपलं शहर उभं असतं. पुणेकराची यावरची पहिली प्रतिक्रिया ‘असणारच’ अशी असते. दुसरी प्रतिक्रिया जरा उशिरा येते : पण का?

आधी हा प्रकार काय होता ते पाहू. १८२० च्या आगेमागे इंग्लंड-अमेरिकेतल्या सुखवस्तू घरांतल्या मुलींना ज्या कलाकुसरी शिकवत, त्यांत ही एक होती. तेल किंवा व्हार्निश पाजून पारदर्शक आणि कडक केलेला कागद चित्रावर ठेवायचा आणि आकार कापून घ्यायचे. या कापलेल्या कागदांनाच ‘थिओरम’ म्हणत. भूमितीतल्या प्रमेयाचा हा शब्द इथे कुठून आला, तर एकदा रीत बसवली की कुणाच्याही हातून तेच उत्तर निघतं म्हणून, असं मला वाटतं. यातली खरी हुशारी कापण्याच्या हिशेबात होती. शेजारशेजारच्या दोन पाकळ्या एकाच कागदात कधी कापायच्या नाहीत. एक पाकळी पहिल्या कागदात, तिची शेजारीण दुसऱ्यात, देठ तिसऱ्यात. कागदांना क्रमांक द्यायचे आणि एकापाठोपाठ एक चित्रावर बसवायचे.

मग ब्रश. हा टोकदार नव्हे. आखूड, गोल, जाड, केस टोकाशी सपाट छाटलेले. रंग दाट घ्यायचा आणि ब्रशाला इतका थोडा लावायचा की तो जवळजवळ कोरडाच राहावा. ब्रश उभा धरायचा, सुरुवात कापलेल्या कागदाच्या कडेवर करायची आणि गोल गोल फिरवत आत यायचं. कडेला रंग गडद बसतो, मध्याकडे येता येता विरतो, आणि सपाट कागदावरचं फळ गोलमटोल दिसू लागतं. चित्रकलेचा गंध नसलेल्या मुलीलाही दुपारभरात फळांची परडी साधायची. मखमलीवर, कागदावर, अल्बमच्या पानांवर आणि फेब्रुवारी आला की व्हॅलेंटाइन कार्डांवर हे काम होई.

आता आजचं टेबल पाहा. हौशी कार्डकार ज्याला इंक ब्लेंडिंग म्हणतात त्याची पद्धत काय? गुळगुळीत पांढरं कार्डस्टॉक, वर स्टेन्सिल किंवा मास्क, शाईचे पॅड, आणि मेकअपच्या ब्रशासारखा दिसणारा दाट केसांचा गोल ब्रश. ब्रश पॅडवर टेकवायचा, जास्तीची शाई रद्दी कागदावर झटकायची, कार्डाच्या बाहेरून सुरुवात करायची आणि हलक्या हाताने गोल गोल फिरवत आत यायचं. आधी फिकी छटा, मग गडद. दोन रंगांच्या सीमेवर फिका रंग पुन्हा एकदा फिरवायचा, म्हणजे सांधा मिटतो. नवशिक्या ब्रश थेट कार्डाच्या मध्यावर टेकवतो आणि तिथे जो डाग पडतो तो कशानेही जात नाही. कोरडा ब्रश, गोल हात, कडेकडून आत, आडोशाला कापलेला कागद : पूना पेंटिंगची चारही लक्षणं इथे जशीच्या तशी आहेत. माझं म्हणणं सरळ आहे. इंक ब्लेंडिंगची आजी म्हणजे हे पूना पेंटिंग, आणि शुभेच्छापत्राशी तिची सोयरीक पहिल्यापासूनची आहे.

पण नावाचा प्रश्न उरतोच, आणि खरी गंमत तिथेच आहे.

पहिला दावा पुणेरी अभिमानाचा. पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याने सवाई माधवरावांच्या संमतीने शनिवारवाड्यात चित्रशाळा काढली होती. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९१ मध्ये मुंबईत आला, पुण्यात त्याने पेशव्यांची आणि नाना फडणविसांची चित्रं केली. या मंडळींच्या हाताखाली तयार झालेला आपला माणूस म्हणजे गंगाराम तांबट. त्याने लेण्यांची चित्रं केली, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. त्याची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. मॅलेटबरोबर चित्रांचे गठ्ठे इंग्लंडला गेले, तिथे लोकांनी पाहिले, म्हणून ‘पूना पेंटिंग’. गोष्ट अगदी घडवल्यासारखी जुळते, आणि म्हणूनच मला ती संशयास्पद वाटते. वेल्स १७९५ मध्ये वारला, मॅलेटही त्या शतकाच्या अखेरीस मायदेशी परतला. फॅशन आली ती वीसेक वर्षांनी. शिवाय गंगारामची चित्रं रेखाटनाची, जलरंगाची, मोजमाप घेऊन केलेली. त्यांत कापलेल्या कागदाचा आडोसा कुठेच नाही. पूना पेंटिंग करणाऱ्या मुली काढत होत्या काय? गुलाब, शिंपले, फुलपाखरं, पोपट. त्यांत ना वेरूळ, ना गेंडा. गंगारामला हे श्रेय द्यायला मला आवडलं असतं, पण ते त्याचं नाही.

दुसरा दावा तंत्राचा. आपल्याकडच्या लघुचित्रांच्या कारखान्यांत हरणाच्या पातळ, पारदर्शक कातडीवर चित्र उतरवून घेत. त्याला चरबा म्हणत. त्या रेषांवर सुईने भोकं पाडून कोळशाची पूड झाडली की झाला खाका. मथुरा-वृंदावनकडच्या सांझीत तर कागद कापून त्यातून रंग पाडतात, आणि आपल्याकडे रांगोळीचे पत्र्याचे छाप आहेतच. पारदर्शक ‘पूना पेपर’ म्हणजे चरब्याचीच आठवण, असं कुणी म्हणालं तर ऐकायला गोड वाटेल. पण चरबा आणि खाका रेषा उतरवतात, छटा पाडत नाहीत. आणि सांझी पुण्याची नव्हे. कापलेल्या कागदातून रंग पाडणं तर जगात इतक्या ठिकाणी आपापलं सुचलेलं आहे की त्यावरून कुळ काढू नये.

तिसरा दावा मला पटतो, आणि तो चीनमधून येतो. त्याच सुमारास कँटनच्या बाजारात परदेशी खलाशांसाठी आणि व्यापाऱ्यांसाठी छोटी चित्रं ढिगांनी तयार होत होती. फुलं, पक्षी, फुलपाखरं, चमकदार दाट रंग, मागे कोरी पार्श्वभूमी. ज्यावर ती काढत त्याला इंग्रज ‘राइस पेपर’ म्हणत. त्यात तांदूळ औषधालाही नव्हता. एका झुडपाच्या खोडातला मऊ गर साली काढाव्यात तसा पातळ कापून तो बनवत. कंपनीच्या जहाजांतून ही चित्रं लंडनला पोचली आणि घराघरांत आवडली. पूना पेंटिंग ही त्यांचीच नक्कल : तेच विषय, तोच दाट रंग, पुष्कळदा कागदही तोच.

मग नाव कँटनचं न पडता पुण्याचं का पडलं? अशा चुका इंग्रजांनी सर्रास केल्या आहेत. चिनी काळी शाई त्यांच्याकडे ‘इंडिया इंक’ झाली. चिनी पातळ कागद ‘इंडिया पेपर’ झाला. चीनमध्ये घडलेले लाखकामाचे घडीचे पडदे कोरोमंडल किनाऱ्यावरून युरोपला जात, म्हणून आजही त्यांना ‘कोरोमंडल स्क्रीन’ म्हणतात. पूर्वेकडून आलेल्या मालावर मधल्या मुक्कामाचं नाव चिकटतं, हा नेम दिसतो.

यावर चांगला आक्षेप आहे. मधला मुक्काम मुंबई होता, पुणं नव्हे. पुण्याला बंदर नाही. चीनला कापूस आणि अफू जाई ती मुंबईहून. मग ‘बॉम्बे पेंटिंग’ का नाही? याला माझी दोन उत्तरं आहेत. एक, मुंबईचं नाव आधीच कामाला लागलेलं होतं. हस्तिदंत आणि लाकडाच्या बारीक जडावाच्या पेट्या ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणून इंग्लंडला जात. दुसरं उत्तर वर्षाचं आहे. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली, शनिवारवाड्यावर कंपनीचं निशाण चढलं, जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव शरण आला. या काळात लंडनची वर्तमानपत्रं वाचणाऱ्या प्रत्येक घरात ‘पूना’ हे नाव पोचलं. शेवटी एच लावलेलं त्याचं स्पेलिंग तेव्हाच्या खलित्यांतलं, आणि ब्रशाच्या नावातही तो एच तसाच आहे. लंडनच्या एखाद्या चित्रमास्तराला आपल्या शिकवणीसाठी, रंगपेटीसाठी नवं, परकं, ऐटबाज नाव हवं होतं. चारचौघांच्या तोंडी असलेलं सर्वांत ताजं नाव त्याने उचललं. जाहिरात लिहिणारी माणसं तेव्हाही अशीच होती. म्हणजे आपलं राज्य बुडालं तेव्हा त्यातून एका ब्रशाला नाव मिळालं. बॅडमिंटनलाही एकेकाळी ‘पूना’ म्हणत, पण तिथे निदान गोरे साहेब खरोखर पुण्यात खेळत होते.

नाव संपलं. आता तंत्राच्या कुळाबद्दल प्रतिपक्षाला उत्तर देणं भाग आहे, कारण इंक ब्लेंडिंगचं मूळ जपानमध्ये आहे असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांची बाजू लेचीपेची नाही. चित्रकार हिरोशिगेच्या लाकडी ठशांच्या चित्रांत आभाळ वर गर्द निळं असतं आणि खाली उतरता उतरता विरतं. या तंत्राला बोकाशी म्हणतात. शुभेच्छापत्रांशी जपानी छपाईचं नातं तर इतकं जुनं आहे की मत्सर वाटावा. कोणते महिने मोठे, कोणते लहान हे सांगणारं पंचांग छापण्याचा मक्ता ठरावीक लोकांकडे होता. म्हणून एदो शहरातले हौशी रसिक चित्रात ते आकडे लपवून ठसे काढवून घेत आणि नववर्षाला एकमेकांना वाटत. १७६५ च्या अशा देवाणघेवाणीसाठी सुझुकी हारुनोबूने केलेल्या चित्रांतूनच जपानची अनेकरंगी छपाई बहरली. पुढे कविमंडळं नववर्षासाठी ‘सुरिमोनो’ छापून घेत, त्यांत तर कागदावर बिनशाईचा उठाव आणि धातूची चमकही असे. शुभेच्छा देण्याच्या हौसेतून रंगीत छपाई वाढली, याहून मोठा मान कार्डाला कोण देणार?

पण बोकाशीत काय होतं ते पाहा. छपाईकार लाकडी ठशावर ओलं फडकं फिरवतो, ब्रशाच्या एकाच बाजूला रंग घेऊन तो ओल्या लाकडावर ओढतो. छटा पाण्यामुळे पसरते, आणि ती तयार होते ठशावर. कागद नंतर येतो, बांबूच्या सालीत बांधलेल्या चकतीने पाठीमागून घासला जातो आणि तयार छटा उचलतो. पूना पेंटिंगमध्ये ठसा नाही, पाणी जवळजवळ नाही, छटा कागदावरच घडते, हाताच्या दाबाने. इंक ब्लेंडिंगही तसंच. दिसायला दोन्ही आभाळं सारखी, पण एक ओल्याचं आणि दुसरं कोरड्याचं. कुळ चेहऱ्यावरून नव्हे, हाताच्या चालीवरून ओळखावं.

दुसरा प्रतिस्पर्धी अगदी अलीकडचा. अमेरिकेत टिम होल्ट्झ या कलाकाराच्या नावाने रेंजर कंपनीने ‘डिस्ट्रेस’ शाया बाजारात आणल्या. नावं पाहा : ‘टी डाय’, ‘वॉलनट स्टेन’, ‘व्हिंटेज फोटो’. चहात भिजल्यासारखा, जुनाट, कडा काळवंडलेला कागद तयार करण्यासाठीच त्या केल्या होत्या. कागदाच्या कडा घासता घासता कार्डकार पुढे अख्खं आभाळ घासू लागले, असं हे मत. शाईपुरतं मी ते मान्य करतो. या शाया कागदावर थोडा वेळ ओल्या राहतात, म्हणून दुसऱ्या रंगात मिसळतात. पण शाई ही वस्तू झाली. तिला कागदावर न्यायचं कसं, हे कुठल्याही बाटलीवर लिहून येत नाही.

मधल्या दीडशे वर्षांचं काय, असं कुणी विचारील. १८४० मध्ये इंग्लंडात पेनी पोस्ट आलं, १८४३ मध्ये हेन्री कोलने नाताळचं छापील कार्ड काढलं, अमेरिकेत एस्थर हाउलंडने व्हॅलेंटाइनचा धंदा उभारला, बॉस्टनच्या लुई प्रँगने शिळाछपाईच्या रंगीत कार्डांनी बाजार भरून टाकला. हातची कार्डं मागे पडली. ब्रश मात्र बेकार झाला नाही. न्यू इंग्लंडमधल्या हिचकॉक खुर्च्यांच्या पाठींवरच्या फळाफुलांत, पत्र्याच्या ट्रेवर, पेट्यांवर कापलेल्या कागदाचं तंत्र चालूच होतं. विसाव्या शतकात एस्थर स्टीव्हन्स ब्रेझर या बाईंनी ही जुनी सजावट शोधून, नकलून, शिकवून पुन्हा लोकांपुढे आणली. १९४० मध्ये त्यांचं पुस्तक निघालं, आणि त्यांच्या मागे शिष्यमंडळींनी संस्थाही काढली. हौशी बायकांच्या स्टेन्सिलच्या वर्गांतून हा हात पुढे रबरी शिक्क्यांच्या छंदात शिरला असणार. शिक्का आणि स्टेन्सिल एकाच दुकानातून, एकाच टेबलावर आले, तेव्हा शाईचा पॅड आणि गोल ब्रश यांची गाठ पडणं अवघड नव्हतं.

एखादं जुनं कार्ड हाती आलं आणि ते पूना आहे की मोकळ्या हाताने रंगवलेलं असा वाद झाला, तर भिंग घ्या. मोकळ्या हाताच्या पाकळीत रंग कुठेही गडद असू शकतो. पूनाच्या पाकळीत तो कायम कडेला गडद आणि मध्ये फिका. डावं पान आणि उजवं पान आरशातल्यासारखी तंतोतंत असतील, तर कापलेला कागद उलटा करून वापरला आहे. आणि दोन पाकळ्यांच्या मधोमध केसाएवढी कोरी रेघ दिसली, तर दुसरा थिओरम पहिल्याला किंचित चुकला आहे. अनेक थरांची स्टेन्सिल वापरून केलेल्या आजच्या कार्डावरही हीच रेघ मिळते, आणि ती झाकायला कार्डकार वरून पांढऱ्या जेल पेनची बारीक किनार ओढतात.